जुन्या पत्त्यांना पहिल्याच दिवशी ३०१ लावायचा का?

महाद्वाररोडकर
चप्पल लाइनीतल्या एका दुकानाची साइट जुन्या पीएचपीवरून जँगोवर (पायथनमधल्या वेब चौकटीवर) आणतोय. पानांचे जुने पत्ते ‘आयडी=४२’ अशा शेपटीचे, नवे नावांचे. माझं मत सांगतो. रिडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर वळवणं, जँगोच्या रिडायरेक्ट ॲपमध्ये, डेटाबेसच्या तक्त्यात ठेवावेत आणि पहिला महिनाभर ३०२ (‘तात्पुरतं हलवलंय’ असा कोड) द्यावा. ३०१ (‘कायमचं हलवलंय’) ब्राउझर लक्षात ठेवतो, पुढच्या वेळी सर्व्हरला विचारतही नाही. कापशी चपलेचा पत्ता चुकून पुकारी चपलेवर वळला, तर आपण दुरुस्त करूनही त्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर चूक तशीच राहते.

उद्यमनगरवाला
नाही पटत भावा. पत्ता बदललाय एवढं सांगायला पायथनला कशाला जागं करायचं? एनजिनएक्समध्ये (जँगोच्या पुढं उभा असलेला वेब सर्व्हर) मॅप, म्हणजे जुन्या-नव्या पत्त्यांची यादी लिही, विनंती दारातच वळव. आणि महिनाभर ३०२ ठेवलास तर गूगलच्या निकालात जुनाच पत्ता राहू शकतो. ३०१ हा त्याच्यासाठी ठाम इशारा असतो. दिवाळीच्या तोंडावर दुकान शोधात मागं पडलं तर मालकाला काय सांगणार?

महाद्वाररोडकर
मालकाचा पुतण्या ॲडमिनमधून पत्ते बदलतो. त्याच्यासाठी दर वेळी मी सर्व्हरवर जाऊन एनजिनएक्स रीलोड करत बसू का? पत्ता हा मालाचा भाग आहे, तो मालाजवळच हवा.

रंकाळाकाठ
दादा, तुम्ही ते ॲप तपासलंय का? ते मुळात ३०१च देतं. ३०२ हवा तर त्याच्या मिडलवेअरवरून (विनंती-उत्तराच्या मधे बसणारा कोड) आपला क्लास काढून उत्तराचा प्रकार बदलावा लागतो. शिवाय ते पत्ता शेपटीसकट जसाच्या तसा जुळवतं. फेसबुकवरून आलेल्या लिंकला एफबीक्लिड (फेसबुकची माग काढायची खूण) चिकटलेलं असतं, मग जुळणी हुकते आणि गिऱ्हाइकाला ४०४ (‘पान सापडत नाही’) दिसतो. मॅप नुसता आयडी बघू शकतो, तिथं उद्यमनगरवाल्यांचं बरोबर आहे. पण तक्त्याचा एक गुण मला फार आवडतो. नवा पत्ता रिकामा सोडला की ४१० जातो, म्हणजे माल कायमचा बंद. बंद मालाचे पत्ते सरसकट होमपेजवर वळवणं मला गिऱ्हाइकाची फसवणूक वाटते.

महाद्वाररोडकर
ताई, शेपटीचं माझ्याकडून सुटलं होतं. मग तक्ता फक्त बंद मालापुरता. बाकीच्यांसाठी एकच व्ह्यू (विनंतीला उत्तर देणारा जँगोतला कोड) लिहितो, आयडी वाचून माल शोधणारा आणि त्याच्या आजच्या पत्त्यावर पाठवणारा. ३०२ मात्र सोडत नाही.

उद्यमनगरवाला
अरे, भीती आठवणीचीच आहे ना? मग ३०१ दे आणि सोबत कॅश-कंट्रोलमध्ये (उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं हे ब्राउझरला सांगणारी ओळ) एका तासाची मुदत घाल. चूक झाली तरी तासाभरानं ब्राउझर परत विचारायला येईल. त्याआधी जुन्या लॉगमधला (सर्व्हरवरच्या भेटींच्या नोंदीतला) प्रत्येक पत्ता स्क्रिप्टनं तपास. महिनाभर वाट बघणं ही काय तपासणी नव्हे.

शाहूपुरी५वीगल्ली
पेमेंटवरून परत येण्याचा पत्ता या यादीत घेऊ नका. तो बऱ्याचदा पोस्टनं (माहिती आत भरून पाठवायची पद्धत) येतो. ३०१ असो वा ३०२, ब्राउझर पोस्टचं गेट (नुसतं पान मागणं) करतो आणि आतली माहिती गळते. आमच्या एका कामात गिऱ्हाइकाचे पैसे कापले गेले आणि ऑर्डर ‘बाकी’ दिसत राहिली. दोन दिवस फोन थांबेनात. वळवायचंच असेल तर ३०७ किंवा ३०८, त्यात पोस्ट पोस्टच राहतं.

महाद्वाररोडकर
तो पत्ता वळवतच नाही, जुन्या जागीही तोच व्ह्यू ठेवतो. तासाच्या मुदतीचा ३०१ मान्य. लॉग आज रात्रीच काढतो. पण मॅप नाही लिहिणार, व्ह्यूच.

उद्यमनगरवाला
व्ह्यू तर व्ह्यू. पण मग जुना पत्ता थेट शेवटच्या पत्त्यावर जाऊ दे. आधी एचटीटीपीएस, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, मग नवं नाव, अशा तीन उड्या गावाकडच्या नेटवर जाणवतात.