चौथीपर्यंतची मुलं, घरात एकच फोन आणि पालकसभा: काय करावं, सुचवा

झेडपीची_बाई

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते, तिसरी-चौथी माझ्याकडे आहे. पुढच्या महिन्यात पालकसभा आहे आणि या खेपेला विषय मीच मागून घेतलाय: मुलं आणि मोबाइल.

निमित्त असं की चौथीतल्या पोरांनी आयांच्या फोनवरून आपसात व्हॉट्सॲप ग्रुप काढलाय. रात्री उशिरापर्यंत त्यावर व्हॉइस मेसेज चालतात. स्नेहसंमेलनातल्या एका मुलीच्या फोटोचं कुणीतरी स्टिकर केलं आणि ते सगळीकडे फिरलं. ती पोर शाळेत यायला मागेना. घरी सांगायची, पोटात दुखतंय. आईला ग्रुपचा पत्ताच नव्हता, आणि फोन तर तिचाच!

"मोबाइलचे दुष्परिणाम" छापाचं भाषण मला ठेवायचं नाहीये. पाहुणे येतात, नारळ-शाल होते, पालक माना डोलावतात आणि घरी गेल्यावर पोरगं जेवत नाही म्हणून फोन पुन्हा त्याच्याच हातात. माझ्या वर्गात एकाही मुलाचा स्वतःचा फोन नाही. घरात एक, फार तर दोन, आणि तेही आईबापाच्या कामाचे. नेटवर जे सल्ले मिळतात ते सगळे 'मुलाचा टॅब' गृहीत धरून लिहिलेले असतात.

तेव्हा सांगा: घरच्यांनी मिळून वापरायचा फोन मुलांसाठी सुरक्षित कसा करायचा? सभेत प्रत्यक्ष काय करून घ्यायचं? आणि त्या मुलीचं काय करू?

चिंचवडकर

बाई, फॅमिली लिंक (मुलाच्या फोनवर लक्ष ठेवायचं गूगलचं ॲप) सुचवणारे येतीलच, म्हणून आधीच सांगतो. ते ॲप चांगलं आहे, पण मुलाचं वेगळं गूगल खातं आणि त्याच्या हातातला वेगळा फोन असेल तर. आईच्या रोजच्या फोनवर त्याचा उपयोग नाही. तिथे खालच्या गोष्टी करा, सगळ्या फुकट आहेत.

सगळ्यात आधी ॲप पिनिंग. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीखाली सापडतं (कंपनीगणिक जागा बदलते, सेटिंग्जच्या सर्चमध्ये 'पिन' टाका). चालू करताना 'बाहेर पडताना पिन विचारा' हेही चालू करायचं. मग एक ॲप उघडून पिन केलं की पोर त्याच ॲपमध्ये राहतं. व्हॉट्सॲप, गॅलरी, फोनपे काहीच उघडत नाही. आयफोनवर यालाच गाइडेड ॲक्सेस म्हणतात. अर्थात हे सगळं फोनचा पिन किंवा पॅटर्न मुलाला माहीत नसेल तरच. तो बदला आणि त्याच्यासमोर टाकू नका. पोरं बोटांकडे बघून पॅटर्न पाठ करतात.

यूट्यूबऐवजी यूट्यूब किड्स. त्यातही सर्च बंद करा. 'फक्त मान्य केलेलं' असा एक पर्याय आहे, त्यात आईने निवडलेलीच चॅनेल दिसतात. टायमर आतच आहे, वेळ संपली की ॲप स्वतः थांबतं. "आईने बंद केलं" आणि "ॲपने बंद केलं" यात रडारडीचा बराच फरक पडतो, हा स्वानुभव.

व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत ग्रुप्स आणि प्रोफाइल फोटो 'माय कॉन्टॅक्ट्स'वर, आणि अनोळखी कॉल सायलेंट. 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये जाऊन मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद. शिवाय व्हॉट्सॲप वापरायला किमान वय १३ आहे, हे सभेत मोठ्याने सांगा. पुष्कळ पालकांच्या कानावरून हे कधी गेलेलंच नसतं.

आणि पैसे! यूपीआय लाइट चालू असेल तर छोट्या रकमेला यूपीआय पिन लागतच नाही. मुलं हाताळतात त्या फोनवर ते बंद ठेवा. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारायला लावा.

गुरुजी_माणदेश

बाई, थोडं कडू बोलतो, राग मानू नका. लॉकडाउनपासून आपणच गृहपाठ व्हॉट्सॲपवर टाकायला लागलो. शाळा उघडली, सवय गेली नाही. संध्याकाळी पोरगं "बाईंनी अभ्यास पाठवलाय" म्हणतं आणि आई मुकाट्याने फोन देते. पुढचा तासभर त्या अभ्यासाच्या नावावर काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. दुसरीकडे आपणच 'मोबाइलपासून दूर राहा' अशी घोषवाक्यं प्रभातफेरीत म्हणून घेतो.

आमच्या शाळेत आता गृहपाठ फळ्यावर आणि वहीत. ग्रुपवर फक्त सुट्टी, लसीकरण, सभेची वेळ, तेही सहाच्या आत. ग्रुप फक्त ॲडमिननेच लिहायचा असा ठेवलाय. सभेत हे तुम्ही आधी जाहीर करा. आधी शाळेने काहीतरी सोडलं, तर पालकांकडे मागायला तोंड राहतं.

फोटोंचंही तसंच. उपक्रमाचे फोटो वर पाठवावे लागतात हे मान्य. पण तेच फोटो मुलांच्या नावासकट शाळेच्या फेसबुक पानावर आणि आपल्या स्टेटसला कशाला? तुमच्याकडचं स्टिकर कुठल्या फोटोवरून झालं ते एकदा बघा.

झेडपीची_बाई

सर, राग कसला. तो फोटो शाळेच्या ग्रुपवरचाच असणार. गृहपाठाचं पटलं, मुख्याध्यापकांशी बोलते.

बस_चालक_बारामती

एवढा खटाटोप कशाला? सरळ बंदी. माझ्या पोराला मी फोनला हात लावू देत नाही. विषय संपला.

मनमोकळे

मी मुलांची समुपदेशक आहे, बालवाडी ते सातवी हे माझं रोजचं काम. चालकदादा, तुमच्या घरी बंदी चालत असेल तर उत्तमच. पण शेजारच्या घरात फोन असतो, मामाकडे असतो, खेळायला जातो त्या मित्राकडे असतो. तिथे काही घाण दिसलं किंवा कुणी धमकावलं, तर तुमचा मुलगा ते तुम्हाला येऊन सांगेल का? "हात लावलास?" हा पहिला प्रश्न येणार हे त्याला पक्कं माहीत असतं, म्हणून तो गप्प बसतो. माझ्याकडे येणारी मुलं अडकतात ती बहुतेक इथेच. त्रास देणाऱ्यापेक्षा त्यांना घरच्यांचा धाक जास्त असतो. समोरचाही नेमकं तेच म्हणतो, "घरी सांगितलंस तर तुलाच मार पडेल."

म्हणून बाई, सभेत एकच गोष्ट करून घ्यायला वेळ मिळाला तर ही घ्या: पालकांची तोंडी तालीम. मूल येऊन म्हणतंय, "आई, फोनवर एक माणूस घाणेरडं बोलला." आईने पहिलं वाक्य काय म्हणायचं? दोघी-दोघींच्या जोड्या करा, एक मूल, एक आई. हसतील, लाजतील, तरी म्हणायला लावा: "बरं केलंस सांगितलंस. तुला ओरडणार नाही. चल, आपण दोघं बघू." चौकशी, सेटिंग, तक्रार हे सगळं नंतर. मूल पहिल्यांदा बोलतं तेव्हा चेहरा शांत ठेवणं हे सगळ्यात अवघड काम आहे आणि सरावाशिवाय जमत नाही.

आता ती मुलगी. तिला वर्गासमोर उभं करू नका, मुलांना जाहीर माफीही मागायला लावू नका. त्याने स्टिकर पुन्हा गाजतं. ज्यांनी पाठवलं त्यांच्याशी एकेकट्याने बोला आणि त्यांच्या आयांना बसवून प्रत्येक फोनमधून ते काढून टाका. तिला विचारा, "वर्गात तुझ्या शेजारी कोण बसलेलं आवडेल?" या वयात जवळची एक मैत्रीण मोठ्यांच्या भाषणांपेक्षा जास्त कामाची. तुम्ही पोटदुखीवरून ओळखलंत हे फार बरं झालं. आठ-नऊ वर्षांची मुलं "मला वाईट वाटतंय" असं क्वचित म्हणतात. पोट दुखतं, डोकं दुखतं, अंथरूण ओलं होतं, आवडती भाजीही नको होते. हे पालकांना सांगा. डॉक्टरांकडे मात्र एकदा न्याच, दर वेळी मनाचंच असेल असं नाही.

वर्गात हाताच्या पंजाचा खेळ घ्या. वहीत पंजा काढायचा आणि प्रत्येक बोटावर एक मोठं माणूस लिहायचं, ज्याला काहीही सांगता येईल. पाचही बोटं रिकामी ठेवणारं मूल दिसलं, तर तिकडे आधी लक्ष द्या.

आजी_औंध

सुना कामाला, लेक कामाला, दुपारी नातवंडं कुणाकडे? आमच्याकडे. आणि सभेला बोलावतात आईबापाला. आज्यांना बोलवा हो! भरवताना फोन धरायची सवय निम्मी आम्हीच लावली आहे, आणि सेटिंग म्हणजे काय ते आम्हाला कुणी दाखवत नाही. मी यूट्यूब किड्स नातीकडूनच शिकले. तिने मला सगळं दाखवलं, फक्त सर्च कुठे बंद होतं ते सोडून. चिंचवडकर, आज ते कळलं. :)

सांगलीचा_गडी

आमच्या जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव, तालुका कडेगाव, माहीत असेलच. तिथे २०२२ च्या ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला, मोठी माणसं बोलत बसतात. साडेआठला पुन्हा भोंगा. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी ताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, नुसता भोंगा लावून झालं नाही. नियम मोठ्यांनाही तोच, खरी मेख तिथे आहे. बाप रील बघत बसला तर पोर पुस्तक उघडेल का? गावाला नको तर एका वर्गाच्या पालकांनी ठरवायला काय हरकत आहे?

लेस्टरची_माधवी

सांगलीच्या दादांशी सहमत. इकडे इंग्लंडमध्ये २०२४ पासून आईबापांची अशीच चळवळ आहे: एका वर्गाच्या पालकांनी मिळून ठरवायचं की अमुक वयापर्यंत स्मार्टफोन घेऊन द्यायचा नाही. एकाच घराने नाही म्हटलं की "सगळ्यांकडे आहे, माझ्याकडेच नाही" हे रडगाणं सुरू होतं. दहा घरांनी म्हटलं की त्यातली हवा जाते. तुमच्याकडे फोन विकत घेण्याचा प्रश्न नाही, तर रात्री आठनंतर मुलांच्या हातात फोन नाही एवढंच सगळ्यांनी मिळून ठरवा. तो ग्रुप आपोआप मरेल.

काळा_कोट

कायद्याचं थोडक्यात. स्टिकर फिरवणारी पोरं नऊ-दहा वर्षांची आहेत. त्यांना "पोलिसात देईन" म्हणू नका. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायद्याने गुन्हाच नाही, आणि सात ते बारामध्ये त्याला परिणामांची समज होती का हे बघावं लागतं. हे शाळेत आणि घरात निस्तरायचं काम आहे.

मामला लैंगिक असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मोठ्या माणसाने मुलाकडे उघडे फोटो मागितले, तसले व्हिडिओ दाखवले, भेटायला बोलावलं, की पोक्सो कायदा, २०१२ (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागतो. त्याच्या कलम १९ नुसार ज्याला कळलं त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, शिक्षक आणि मुख्याध्यापक त्यात आलेच. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. "गावातली गोष्ट गावात मिटवू" इथे चालत नाही. आणि पुरावा म्हणून तसला फोटो किंवा व्हिडिओ कुणालाही पुढे पाठवू नका, मुख्याध्यापकांनासुद्धा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली तो पाठवणं हाच गुन्हा. फोन आहे तसा ठेवा आणि थेट पोलिसांकडे न्या. साध्या धमकीचे मेसेज असतील तर नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट चालतो.

फळ्यावर लिहून द्यायचे नंबर: मुलांसाठी १०९८, सायबर तक्रार आणि ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३०, मन अस्वस्थ असेल तर टेली मानस १४४१६, आणि तातडीचं काही असेल तर ११२. पैशांच्या बाबतीत १९३० वर जितक्या लवकर फोन जाईल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

शाळेत सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची) आहे का बघा. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने ती प्रत्येक शाळेत हवी. बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या घटनेनंतर २०२४ मध्ये तिची पुन्हा आठवण झाली, बऱ्याच ठिकाणी ती अजून कागदावरच आहे.

चौथीची_आई_नाशिक

गेमचं कुणीच बोललं नाही. माझ्या मुलाला गेममध्ये एकाने लिहिलं होतं, "फुकट डायमंड (गेममधले पैसे) देतो, आईच्या फोनवर आलेला नंबर सांग." तो नंबर म्हणजे ओटीपी. त्याने सांगितला नाही, कारण "कोड कुणाला सांगायचा नाही" हे त्याला घराच्या किल्लीइतकंच पाठ होतं. मुलांना 'सायबर सुरक्षा' कळत नाही, 'डायमंड' कळतात. उदाहरणं त्यांच्या गेममधली द्या.

आणि रोज किती वेळ हा प्रश्न सभेत येणारच. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने, दोन वर्षांखाली स्क्रीन नको (आजीशी क्वचित व्हिडिओ कॉल चालेल), दोन ते पाचला फार तर एक तास, पाच ते दहाला दोन तासांपेक्षा कमी असं सांगितलंय. आमच्या घरी दोन तास हा आकडा मी मुद्दाम सांगतच नाही. सांगितला की पोरं तो हक्क समजून वसूल करतात.

झेडपीची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मुख्याध्यापकांशी बोलून असं ठरवलंय: सभा शनिवारी, सकाळच्या शाळेनंतर. आज्यांना निरोप मुलांच्या हातून नाही, मातागटाच्या ताईंकडून. पाहुणे नाहीत. पहिल्यांदा शाळा आपलं सांगणार: गृहपाठ वहीत, ग्रुपवर सहानंतर काही नाही, मुलांचे फोटो स्टेटसला नाहीत. मग पाच-पाच जणींच्या टोळ्या, प्रत्येकीने स्वतःच्या फोनवर पिन बदलायचा, ॲप पिनिंग आणि यूपीआय लाइट बघायचं. गावातली बारावीची दोन पोरं मदतीला येतायत. मग मनमोकळे ताईंची तालीम, आणि शेवटी रात्री आठचा ठराव. तो पालकांकडूनच आला तर घेऊ, मी मांडणार नाही.

ती मुलगी शाळेत येतेय. शेजारी कोण हवं ते तिनेच सांगितलं.

एक राहिलं. बऱ्याच घरांत आता स्मार्ट टीव्ही आहे. फोन काढून घेतला की पोरं रिमोटवरचं माइकचं बटण दाबून यूट्यूबला काहीही विचारतात. त्याचं काय?

चिंचवडकर

टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये 'रिस्ट्रिक्टेड मोड' आहे, तो चालू करा. पण पोर तो बंदही करू शकतं, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नका. बऱ्याच अँड्रॉइड टीव्हींवर मुलांचं वेगळं प्रोफाइल करता येतं. त्यात फक्त तुम्ही निवडलेली ॲप दिसतात आणि बाहेर पडायला पिन लागतो. टीव्ही कुठला आहे ते पालकांकडून लिहून आणा. इथे टाका, मी प्रत्येकाची जागा शोधून देतो.