खडकावरचं दगडफूल आणि दोन ग्रॅमची चिचुंद्री

प्रश्न : नववीला चयापचय शिकवतेय. आल्प्सच्या खडकांवरचं पिवळंहिरवं दगडफूल (ऱ्हायझोकार्पन जिओग्राफिकम) आणि एट्रुस्कन श्रू, म्हणजे आपल्या चिचुंद्रीची चिमुकली बहीण, यांची तुलना मुलांपुढे ठेवू का?

उत्तर : जरूर ठेवा, मॅडम! श्रूचं वजन जेमतेम २ ग्रॅम, हृदयाचे ठोके मिनिटाला १५०० पर्यंत. एवढ्याशा अंगातून उष्णता भराभर निसटते, म्हणून दिवसाकाठी वजनाच्या दीडदोन पट किडे खावे लागतात. आयुष्य साधारण दोन वर्षांचं.

उत्तर : दगडफुलाला तर अजिबात घाई नाही. वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाही. उन्हात वाळलं की कारभार ठप्प, ओल मिळाली की पुन्हा सुरू. २००५ मध्ये याच जातीला अवकाशात उघड्यावर ठेवलं होतं, तरी जगलं. पण मुलांना एक नक्की सांगा : श्रू हा एक जीव, दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. मला तरी हाच फरक सगळ्यात मोठा वाटतो.

प्रश्नकर्ती : हे फार मोलाचं सांगितलंत. गोड्या मसाल्यातलं दगडफूल वेगळ्या जातीचं, तरी वर्गात नेते. कुरकुरीत पापुद्र्यावर पाणी शिंपडलं की तो कसा मऊ पडतो, ते मुलं बोटांनीच बघतील.