पणजोबांच्या मागे कुठवर जाता आलं?

भाचीला शाळेत वंशवृक्ष काढून आणायला सांगितला. आजोबा झाले, पणजोबा झाले. त्यावरच्या चौकटीत आईने एक नाव सांगितलं, काकाने दुसरंच. बायकांच्या चौकटी तर पणजीपासूनच रिकाम्या. मग मी ऑनलाइन शोधायला बसले आणि अख्खा पावसाळा त्यात गेला. कुणी हा उद्योग केला असेल तर इथे लिहा. उपदेश नकोत, कुठली नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीत आणि गाडं कुठे अडलं, एवढंच.

सुरुवात मीच करते. भूमी अभिलेखच्या 'आपले अभिलेख' या साइटवर जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, स्कॅन करून ठेवलेत. आमचं गाव जुन्नर तालुक्यात. मी आजचा गट नंबर टाकत बसले, काही सापडेना. जमिनींच्या एकत्रीकरणाआधीचा सर्व्हे नंबर लागतो हे तिसऱ्या दिवशी चुलतभावाने सांगितलं, तेही हसत. मग 1931 चा फेरफार उघडला. कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई फुटलेली. अमुक मयत, वारस मुलगे दोन, 'अ.पा.क. आई', आणि पुढे पणजीचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. पणजोबा गेले तेव्हा आजोबा सज्ञानही नव्हते, हे त्या तीन अक्षरांनी सांगितलं. आमच्याकडे आजवर 'पणजोबांनी जमीन राखली' असंच म्हणतात.

हडपसर, मूळ पुरंदर तालुका

गावच्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. 1914 च्या महायुद्धात इथून किती जण गेले आणि किती परत आले नाहीत, याचे नुसते आकडे. आजी म्हणायची, त्यातला एक आपला, बसऱ्याकडे गेला. युद्धात गेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर आडनाव टाकलं तर भलतेच लोक. आमचं आडनाव साहेबाच्या कारकुनाने कसं ऐकलं असेल याचा विचार करत सहा-सात स्पेलिंगं करून पाहिली. शेवटी आडनाव सोडलं, पलटण धरली: 110 वी मराठा लाइट इन्फंट्री. त्या यादीत बापाचं नाव जुळलं, गाव जुळलं, पुढे 'पुरंदर, पूना'.

ही पलटण इराकमधल्या कुतच्या वेढ्यात सापडली होती. फौज सहाव्या डिव्हिजनची, जिला पूना डिव्हिजनच म्हणत. 29 एप्रिल 1916 ला तिने शस्त्रं टाकली. आमच्या माणसाच्या मृत्यूची तारीख ऑगस्टमधली आहे. म्हणजे लढताना नाही, बहुधा तुर्कांच्या कैदेत गेला. आजीला कुणी हे सांगितलंच नसणार. वडलांना सांगितलं, तर ते उठून गोठ्यात गेले.

सदाशिव पेठ

आमचा छापील कुलवृत्तान्त आहे, आणि त्याचं स्कॅन इंटरनेट अर्काइव्हवरही सापडलं. पण शोधाच्या खिडकीत जोडाक्षर टाकलं की यंत्राची बोबडी वळते, त्यामुळे पानं चाळणं काही चुकत नाही. मुलींची नोंद एका ओळीत: नाव, सासरचं आडनाव, विषय संपला. मुलगे मात्र परीक्षेतल्या मार्कांसकट. वंशवृक्ष जोडणाऱ्या एका साइटवर तर कुणा उत्साही मंडळींनी आमचं झाड थेट एका पेशवाई सरदाराला चिकटवलंय. पुरावा विचारला तर म्हणाले, आडनाव एकच आहे ना!

बिबवेवाडी

फॅमिलीसर्च या वंशावळींच्या साइटवर हरिद्वारच्या पंड्यांच्या, म्हणजे तिथल्या तीर्थोपाध्यांच्या, वह्या फुकट बघता येतात. मी चार रात्री पानं उलटली. आमचं काही मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. आमचे लोक जायचे त्र्यंबकला. मग गेलोच. उपाध्यांनी आडनाव आणि मूळ गाव विचारलं, आतून लांबट वही आणली, दहा मिनिटांत आमची नामावळी समोर. शके 1856, खाली आजोबांची मोडीतली सही. त्याच्या वरच्या ओळीत बायकोचं नाव. ते आजीचं नाव नव्हे.

बाबा म्हणतात, लग्नात नाव बदललं असेल, उपाध्यांनी माहेरचं लिहिलं. आत्याला फोन केला तर तिने विषय बदलला. शके अधिक 78, म्हणजे 1934. आजीचं लग्न कधी झालं, हे अजून घरात कुणी सांगत नाही.

*(धागाकर्ती: सनांचं गणित आलंच आहे तर, मोडी कागदांवर बहुतेकदा शुहूर सन (मराठेशाहीतली एक कालगणना) असतो, त्यात 599 किंवा 600 मिळवायचे. मी तो फसली सन (दुसरी एक जुनी कालगणना) समजून 590 मिळवले आणि आजोबांच्या आजोबांना नऊ वर्षं म्हातारं केलं. मोडी शिकायचं असेल तर भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा. पेशवे दफ्तरातले रुमाल, म्हणजे कागदांची गाठोडी, शेवटी मोडीतच आहेत.)*

कोथरूड, मूळ रत्नागिरी जिल्हा

आमचं उलटं झालं. आम्हाला कुणीतरी शोधत आलं. मॉरिशसहून एका बाईंचा मेसेज: तुमच्या गावातून माझे खापरपणजोबा मुंबईच्या बंदरातून उसाच्या मळ्यावर गेले. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, दप्तरं आहेत, तिथून त्यांनी नोंद काढली होती. नंबर, नाव, बापाचं नाव, जात, वय, उंची, गाव. आडनाव नाही. जिल्हा 'रटनागेरी' अशा थाटाच्या स्पेलिंगात, आणि गावाचं नाव तर मोठ्याने वाचल्यावरच कळलं. भावकीत त्या नावाचा माणूस कुणाच्याच आठवणीत नाही. बाई डिसेंबरात येतायत. नातं सिद्ध झालेलं नाही, पण आईने आंबोळ्यांचं पीठ किती लागेल ते विचारून ठेवलंय.

वाघोली

2023 च्या शेवटी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जुनी दप्तरं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या साइटवर आली. गावभर एकच चर्चा, कुणाची सापडली? गाव नमुना 14, म्हणजे आपलं कोतवाल बुक, जन्म-मृत्यूचं. सगळे जातीचा रकाना बघून पुढे जात होते. मीही तेच केलं, आमची ओळ सापडली, प्रिंट काढली.

प्रिंट नीट आली का बघताना शेजारचा रकाना वाचला. मृत्यूचं कारण: ताप. वरच्या ओळीत ताप, खालच्या ओळीत ताप, पान उलटलं तरी ताप. ऑक्टोबर 1918, इन्फ्लुएंझाची साथ. आमच्या घरातल्या तीन ओळी आहेत, अकरा दिवसांत. दोन पोरं, आणि एक 'मुलगी, वय 6 दिवस', नावाची जागा कोरी. दाखल्यासाठी लागतं तेवढं एकच पान मी तहसीलला दिलं. बाकीची दोन फायलीत ठेवलीत.