पुरात भिजलेली फायबरची सिपानी डॉल्फिन घरीच दुरुस्त करायची आहे. सुरुवात कुठून करावी?

समाकर (वडोदरा)

सर्वांना नमस्कार. माझ्या काकांची १९८४ सालची सिपानी डॉल्फिन गेली १९ वर्षे आमच्या समा येथील घरामागच्या शेडमध्ये उभी आहे. ही गाडी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ब्रिटनमधल्या रिलायंट कंपनीच्या किटन या मोटारीवरून बेंगळुरूला बनलेली ही दोन दारांची छोटी गाडी आहे; बॉडी फायबरग्लासची, खाली स्वतंत्र पोलादी चासी आणि ८४८ सीसीचे ॲल्युमिनियमचे इंजिन. दिसायला ती स्पोर्ट्स कार नाही, पण वजनाला इतकी हलकी की ऐंशीच्या दशकात रॅलींमध्ये आणि चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर लोक ती शर्यतीत उतरवत असत. काकांनी ती त्याच हौसेने घेतली होती.

२०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. तिथून घरी परतल्यावर काका बराच वेळ शेडच्या दारात उभे होते, आणि आपली गाडी पुन्हा चालती करायची हे मी त्याच दिवशी ठरवले. मी हात घालण्याआधीच ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला आणि दोन दिवस गाडी सीटपर्यंत पाण्यात राहिली.

आजची स्थिती अशी आहे. बॉनेटवरचा आणि टपावरचा रंग पापुद्रे धरून सुटतो आहे. दाराच्या बिजागऱ्यांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा आहेत. खालच्या भागावर वाटाण्याएवढे फोड आले आहेत, आणि त्यातला एक टाचणीने फोडला तेव्हा व्हिनेगरसारख्या आंबट वासाचे पाणी निघाले. डाव्या दाराखालचा पट्टा बोटाने दाबला तर दबतो. तिथे पूर्वी एका गॅरेजने पत्र्याचा तुकडा रिबेट मारून बसवला होता आणि वरून लांबी (पुट्टी) भरली होती. गाडी चालत होती त्या काळातही हेडलाइट मिणमिणत असत, आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर आपोआप लागत असे.

ओळखीचे पेंटर म्हणतात की रंग काढायचे केमिकल लावून सगळा रंग एका दिवसात उतरवू. दुसरे एक जण म्हणतात की आधी बॉडी चासीवरून उचलून बाजूला ठेवा. मला फायबरच्या कामाचा अनुभव नाही. वेळ आणि चिकाटी मात्र आहे. काका ७८ वर्षांचे आहेत, त्यामुळे काम रखडावे असे वाटत नाही आणि घाईने बिघडावे असेही वाटत नाही. पहिले पाऊल कोणते टाकावे?

मकरपुऱ्याचा मोल्डर

समाकर, मी २६ वर्षे फायबरच्या टाक्या आणि पाइप बनवतो. आपल्या शहराच्या आसपास रसायनांचे इतके कारखाने आहेत की या कामाचा सगळा माल इथे सहज मिळतो, त्यामुळे सामानाची काळजी करू नका. काळजी करायची ती पाण्याची.

पेंटरला केमिकल लावू देऊ नका, ही विनंती मी सर्वांत आधी करतो. ते रसायन पत्र्यावर चालते, कारण पत्रा ते शोषत नाही. फायबरच्या बॉडीवर ते रंगाबरोबर जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत बाहेरचा थरही मऊ करते, चिरांमधून आत शिरते आणि पुढे कित्येक महिने नव्या रंगाला खालून फोड आणत राहते. रंग धारदार पात्याने खरवडून काढा आणि उरलेला ८० नंबरच्या पेपरने घासा. वाळूचा मारासुद्धा नको, त्याने वरचा थर छिद्राछिद्रांचा होतो. या कामाला तीन आठवडे लागतील, ते लागू द्या.

त्याआधी एक नाणे घ्या आणि संपूर्ण बॉडी दर दोन बोटांवर हलकेच वाजवून पाहा. निरोगी फायबर टणटण वाजते. जिथे थर सुटले आहेत किंवा पाणी बसले आहे तिथे ओल्या पुठ्ठ्यावर टिचकी मारावी तसा बद्द आवाज येतो. अशा जागांभोवती पेन्सिलने रेघ ओढत गेलात की तुमचा खरा नकाशा तयार होईल. फोडांतल्या पाण्याला आंबट वास येतो, कारण आत झिरपलेले पाणी रेझिनमधल्या (काचेचे धागे बांधून ठेवणाऱ्या राळेतल्या) विरघळणाऱ्या घटकांना फोडून आम्ल तयार करते, आणि ते द्रावण आणखी पाणी आत ओढते. म्हणून फोड नुसता घासून वर लांबी भरली तर तो पुढच्या पावसाळ्यात परत येतो. प्रत्येक फोड उघडा, गोड्या पाण्याने अनेकदा धुवा आणि पूर्ण वाळू द्या. दिवाळीनंतर आपल्याकडे हवा कोरडी असते, तो काळ याच कामासाठी ठेवा.

दबणारा पट्टा घट्ट फायबर लागेपर्यंत कापावा लागेल. कडा सरळ कापून तुकडा चिकटवू नका. आतल्या बाजूने ग्राइंडरने उतार द्या, आणि फायबर जितके जाड असेल त्याच्या साधारण १२ पट रुंद तो उतार ठेवा. ४ मिलिमीटर जाडीला म्हणजे ५ सेंटिमीटरांचा उतार येतो. नव्या मॅटला (काचेच्या धाग्यांच्या चटईला) पकड मिळते ती या उतारावरच. ४५० ग्रॅमची मॅट घेतलीत तर दर चौरस मीटरला सुमारे एक किलो रेझिन लागेल. ब्रशने ओतत राहण्यापेक्षा थोडे रेझिन लावून रोलर फिरवत राहा. मॅट पांढरी दिसते तिथे हवा अडकलेली असते; रोलरखाली ती पारदर्शक होत जाते आणि खालच्या जुन्या फायबरचा रंग दिसू लागतो, तेव्हाच तो थर बसला असे समजा.

रेझिन पॉलिएस्टर घ्यावे की इपॉक्सी हा प्रश्न तुम्ही पुढे विचारालच. तुमच्या गाडीसाठी पॉलिएस्टर पुरेसे आहे. इपॉक्सी जुन्या फायबरला जास्त घट्ट धरते हे खरे, पण साध्या मॅटमधला बांधणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रवाने विरघळतो, इपॉक्सीत तो तसाच राहतो आणि मॅट नीट भिजत नाही. शिवाय एकदा इपॉक्सी लावली की तिच्यावर पॉलिएस्टर नीट धरत नाही. दोन्हींची सरमिसळ मात्र करू नका.

हार्डनर (रेझिन कडक करणारा द्रव) वजनाने १ ते २ टक्के, म्हणजे एका किलोला १० ते २० ग्रॅम. उन्हाळ्यात कमी, जानेवारीच्या सकाळी जास्त. पण १ टक्क्याच्या खाली जाऊ नका, नाहीतर रेझिन कधीच पुरते कडक होणार नाही. आता जे लिहितो ते कृपया दोनदा वाचा. कोबाल्ट (रेझिन लवकर कडक व्हावे म्हणून घालतात ते) आणि हार्डनर हे दोन द्रव एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, त्यांचा भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचे, हार्डनर त्यानंतर. शक्यतो कोबाल्ट आधीच घातलेले रेझिन मागून घ्या. साधारण ३१ अंशांच्या वर स्टायरीनची वाफ ठिणगीने पेटू शकते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते, म्हणून शेडचे दार उघडे ठेवा आणि जवळ ग्राइंडर चालवू नका. घासताना धुळीचा मास्क, रेझिन लावताना वाफेसाठी कार्ट्रिजचा मास्क. माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलाने हे मनावर घेतले नाही आणि आज तो जिना चढताना थांबतो.

जुनी चाके, दांडिया बाजार

मोल्डर साहेबांनी बॉडीचे सगळे सांगितले आहे, मी खालच्या भागाबद्दल लिहितो. माझ्याकडे रिलायंटचेच इंजिन असलेली दुसरी गाडी होती.

बॉडी आत्ता उचलू नका. फायबरची बॉडी आधार गेला की स्वतःच्या वजनाने वाकते, आणि तुमचा डावीकडचा पट्टा तर आधीच गेलेला आहे. ती उचलली तर दार पुन्हा चौकटीत बसणार नाही. आधी दोन्ही दारांच्या चौकटींत चौकोनी लोखंडी नळीचे आडवे टेकू बसवा, पट्टा दुरुस्त करा, दारे लावून फटी सारख्या आहेत का ते पाहा, आणि नंतरच चासीचे बोल्ट सोडा. बोल्ट गंजून धरले असतील. ते पाना लावून पिळलेत तर फायबरमध्ये बसवलेली लोखंडी पट्टीच फिरेल आणि भोवतालचे फायबर फुटेल. गंज सोडवणारे तेल आठवडाभर रोज सोडा, तरीही हलले नाहीत तर बोल्टचे डोके कापा. बिजागऱ्यांभोवतीच्या चिरांचे कारणही बहुधा आत गंजून फुगलेले लोखंड असेल. ते उघडून साफ केल्याशिवाय चिरा बुजवण्यात अर्थ नाही.

हेडलाइट मिणमिणण्याचे कारण अर्थिंग. पत्र्याच्या गाडीत बॉडीच परतीची तार असते. फायबरमधून वीज जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला चासीपर्यंत स्वतंत्र तार लागते. ती गंजली की विजेला दुसऱ्या दिव्यातून वाट शोधावी लागते, आणि ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर लागतो तो यामुळेच. जुन्या तारा तपासत बसू नका, पुरात भिजलेल्या वायरिंगवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. सगळे नवे घ्या आणि अर्थिंगची एक जाड तार पुढून मागपर्यंत न्या.

इंजिन स्टार्टरने फिरवू नका. प्लग काढून तेल सोडा, आठवड्याने हाताने फिरवून पाहा. हेड काढले तर लक्षात ठेवा की आत ओले लायनर, म्हणजे बाहेरून पाणी खेळणाऱ्या सिलिंडरच्या सुट्या नळ्या आहेत. ते पट्टी लावून दाबून न ठेवता क्रँक फिरवला तर वर सरकतात आणि खालची सील जाते. सुट्या भागांसाठी आशा आहे, कारण हेच ८४८ सीसीचे इंजिन रिलायंटच्या रॉबिन या तीनचाकीतही होते आणि ब्रिटनमध्ये त्याचे भाग अजून मिळतात.

रावपुऱ्याहून

कागदांबद्दल थोडेसे. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण फॉर्म २५ भरून आणि गाडीची तपासणी होऊन ५ वर्षांसाठी होते. व्हिंटेज गाड्यांचा २०२१ चा नियम ५० वर्षांवरच्या गाड्यांना आहे, तो तुम्हाला २०३४ पर्यंत लागू होणार नाही. चासी घासायला घेण्यापूर्वी नंबरावर कागद धरून पेन्सिलने छाप घ्या आणि तेवढी जागा ग्राइंडरपासून वाचवा. गंजाबरोबर नंबरही उडाला तर बाकीची सगळी मेहनत कागदावर अडकते. रंग बदलणार असाल तर त्याचीही नोंद करावी लागेल.

समाकर (वडोदरा)

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. काल आणि आज काकांना खुर्चीवर बसवून आम्ही दोघांनी नाण्याने पूर्ण गाडी वाजवली. ऐकायला त्यांना कमी येते, पण बोटांना फरक कळतो असे ते म्हणाले, आणि खरोखर दोन जागा त्यांनी माझ्या आधी पकडल्या. टप आणि बॉनेट शाबूत आहेत. बद्द आवाज येतो तो डाव्या पट्ट्यात, उजव्या मागच्या चाकाच्या कमानीत आणि दोन्ही बिजागऱ्यांच्या खाली. पत्र्याच्या तुकड्याखालून अजून पाणी झिरपते. तो पत्रा आत्ताच काढावा की हवा कोरडी होईपर्यंत थांबावे? आणि आतले फायबर वाळले हे कसे ओळखावे?

मकरपुऱ्याचा मोल्डर

पत्रा आजच काढा. त्याच्याखाली पाणी कोंडले आहे आणि ते जितके दिवस राहील तितकी पट्ट्यातली कूज पुढे सरकत जाईल. छिन्नीने उचकटू नका. रिबेटची डोकी ड्रिलने उडवा म्हणजे पत्रा आपोआप सुटेल. कुजलेले पांढरे धागे हाताने निघतात तेवढे काढा, धुवा आणि पंखा लावून ठेवा. हॅलोजन लावायचा असेल तर हात सहज ठेवता येईल इतक्या अंतरावर.

वाळल्याची खूण अशी. संध्याकाळी हातरुमालाएवढा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा त्या जागेवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. सकाळी ऊन येऊ द्या आणि तासाभराने आतून पाहा. आत दवाचे थेंब धरले असतील तर फायबर अजून ओले आहे. डाव्या पट्ट्यावर आणि मागच्या कमानीवर सलग चार सकाळी प्लास्टिक कोरडे राहिले की इथे लिहा. पहिला थर मी समाला येऊन तुमच्या हाताने लावून घेईन, रोलर आणि मॅट माझ्याकडचे आणतो. काकांची खुर्ची तेवढी दारापाशी मोकळ्या हवेत ठेवा.