कॅमेरा निवडताना तक्ता भरायचा की डोळा लावून बघायचा?

तिरकस_उजेड:
राखाडी_कार्ड यांनी काल कॅमेरा निवडायचा तक्ता टाकला. प्रत्येक फीचरला गुण, खाली बेरीज, ज्याची बेरीज जास्त तो कॅमेरा घ्यायचा. मेगापिक्सेलला २०, फुल फ्रेमला (म्हणजे मोठ्या सेन्सरला) २०, व्हिडिओला १५ आणि व्ह्यूफाइंडरला (डोळा लावून बघायच्या खिडकीला) चक्क २. हातात कसा बसतो याला तर रकानाच नाही. त्यावर 'वा वा, जपून ठेवतो' असे प्रतिसाद आले, म्हणून नीट लिहितेय.

मेगापिक्सेलचं आधी उरकते. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० x ४०००. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापलं तरी २० इंच लांब प्रिंट निघते. ४के स्क्रीनवर त्यातले ८३ लाख पिक्सेल दिसतात, बाकीचे डिस्कवर झोपा काढतात. २४चे ४५ केले की आकडा जवळजवळ दुप्पट, पण लांबी-रुंदीतला तपशील वाढतो जेमतेम ३७ टक्के. पक्षी टिपून कापाकापी करणाऱ्यांनी घ्यावेत, बाकीच्यांनी कशाला?

आता फुल फ्रेम. प्रकाश टिपणारा सेन्सर ३६ x २४ मिमी, विरुद्ध एपीएस-सी या लहान सेन्सरचे साधारण २३.५ x १५.६. क्षेत्रफळ २.४ पट, म्हणजे फायदा एका स्टॉपहून (दुप्पट प्रकाशाहून) थोडा जास्त. तेच कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सच्या लांब टोकाला (पूर्ण झूम केल्यावर) जिथे एफ/५.६ मिळतं, तिथे एफ/१.८ची प्राइम (बिनझूमची लेन्स; एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं) लावा, जवळपास दहापट प्रकाश आत येतो. आणि या तक्त्यात लेन्सला गुण किती? शून्य. कारण म्हणे 'लेन्स नंतर घेता येते'. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांचं ते 'नंतर' अजून उजाडलेलं नाही.

राखाडी_कार्ड:
तक्ता नवख्यांसाठी होता, हे पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. वाचायचे कष्ट घेतले असते तर बरं झालं असतं.

एफ/१.८ काय फुल फ्रेमला लागत नाही? मग तो एक स्टॉप वर मिळतोच की. शिवाय एफ/१.८ला जवळून पोर्ट्रेट काढलं की एक डोळा फोकसमध्ये आणि दुसरा बाहेर, हे सोयीस्करपणे गाळलंत. आणि व्ह्यूफाइंडरचं म्हणाल तर मागे एवढा स्क्रीन असताना आज डोळा लावतंय कोण? २ गुण दिले हेच उपकार.

चष्मिष्ट:
'डोळा लावतंय कोण' वाचलं आणि राहवेना. राखाडीसाहेब, डोक्यावर ऊन असताना त्या स्क्रीनवर स्वतःच्या चष्म्याशिवाय काही दिसतं का? मला नाही दिसत.

आणि 'डायॉप्टरची चकती फिरवा' म्हणणाऱ्यांनाही एकदाच सांगतो. व्ह्यूफाइंडरची ती चकती चष्म्याचा फक्त साधा प्लस-मायनस नंबर सांभाळते. सिलिंडरचा नंबर असेल तर फिरवत बसा. म्हणजे चष्मा ठेवूनच बघायचं, आणि त्यासाठी आय-पॉइंट (डोळा जितका लांब ठेवून अख्खी फ्रेम दिसते ते अंतर) २० मिमीच्या आसपास तरी हवा. नाहीतर फ्रेमचे कोपरे दिसतच नाहीत. हा आकडा स्पेसिफिकेशनच्या तळाशी असतो. मेगापिक्सेल मात्र खोक्यावर ठळक.

आळशी_ट्रायपॉड:
चष्मिष्ट, +१. त्यात ते मॅग्निफिकेशन, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र किती मोठं दिसतं ते! एपीएस-सीवर ०.९५ एक्स लिहितात आणि माणूस हुरळतो. क्रॉपने (सेन्सर लहान असल्याचा १.५चा हिशोब) भागा, फुल फ्रेमच्या मापात ०.६३ उरतं. डॉटचंही तेच. व्ह्यूफाइंडरच्या पडद्याचे २३.६ लाख डॉट ऐकायला किती भारी, पण लाल-हिरवा-निळा वेगवेगळे मोजलेत. खरं रिझोल्यूशन १०२४ x ७६८.

माझी वेगळीच रड आहे. मी डाव्या डोळ्याने बघतो, त्यामुळे नाक थेट टचस्क्रीनवर. भाच्याच्या वाढदिवसाला अख्खी संध्याकाळ माझ्या नाकाने फोकसचा चौकोन कोपऱ्यात ढकलला. पोरगं धूसर, मागचा पडदा धाग्याधाग्यासकट स्पष्ट. मेनूत ते टच बंद करायची सोय होती, सातव्या पानावर.

शटरवाला:
हे सगळे इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरचे चोचले. डीएसएलआरच्या आरशातून बघा, जे आहे ते दिसतं. बॅटरी खात नाही, अंधारात दाणेदार होत नाही. निकॉनचा एफ माउंट (लेन्स बसवायची खाच) १९५९ पासून आहे, माझ्याकडे वडिलांच्या लेन्स आहेत आणि त्या आजही लागतात. मिररलेसच्या (बिनआरशाच्या कॅमेऱ्यांच्या) नादाला लागून लोकांनी चांगले डीएसएलआर अडगळीत टाकले.

तिरकस_उजेड:
शटरवाले, आरशातून 'जे आहे ते' दिसतं, पण फोटोत जे येणार ते दिसत नाही. एक्स्पोजर चुकलंय हे क्लिक केल्यावर कळतं. आणि वडिलांच्या लेन्स मिररलेसवर अडॅप्टरने लागतातच. एफ माउंटला लेन्स-सेन्सर अंतर ४६.५ मिमी, निकॉनच्याच मिररलेसच्या झेड माउंटला १६. मध्ये भरपूर जागा आहे.

शटरवाला:
लागतात आणि चालतात यात फरक असतो, बाई. एएफ-डी लेन्स (ज्यांना स्वतःची मोटर नसते) निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर लावून ऑटोफोकस करून दाखवा. त्या अडॅप्टरमध्ये मोटरच नाही. पुस्तकी अंतरं मोजण्यापेक्षा कधीतरी लेन्स हातात घ्या.

तिरकस_उजेड:
'बाई' आणि 'पुस्तकी' दोन्ही परत घ्या, मग बोलू. मोटरचा मुद्दा मान्य, तेवढाच.

नवखा_१८_५५:
मध्येच बोलतो, माफ करा. मला याच आठवड्यात कॅमेरा घ्यायचाय. मुलगी बास्केटबॉल खेळते, बंद हॉलमध्ये. फोनवर सगळ्या पोरी पुसल्यासारख्या येतात. तक्ता भरला तर ४५ मेगापिक्सेलचा पहिला आला. घेऊ का?

राखाडी_कार्ड:
घ्या की. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल हे बघा, तक्त्यात त्याला १० गुण आहेत. धूसरपणा जाईल.

तिरकस_उजेड:
नाही जाणार! स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, पळणारी पोरगी नाही. तिला थांबवायला १/५०० सेकंद तरी शटर हवा. त्या हॉलमध्ये एफ/५.६ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढली की दाणे वाढतात) १२८०० लागत असेल, तर एफ/१.८ला १३००च्या आसपास भागेल. फोटो साफ यायचा की दाणेदार, ते इथे ठरतं. नवखे, सध्याची कुठलीही बरी एपीएस-सी बॉडी, माणसाचा पाठलाग करणारा ऑटोफोकस, आणि उरलेले सगळे पैसे ५० किंवा ८५ मिमीच्या एफ/१.८ लेन्समध्ये.

आळशी_ट्रायपॉड:
आणि इलेक्ट्रॉनिक शटर टाळा. हॉलचे दिवे एलईडी असले की फोटोवर आडवे पट्टे येतात. मेकॅनिकल ठेवा, मेनूत फ्लिकर (दिव्यांची लुकलुक) कमी करायचा पर्याय असेल तर चालू करा. (नाक सांभाळा.)

राखाडी_कार्ड:
ठीक आहे, हॉलमधल्या खेळासाठी लेन्स आधी. अभिनंदन, एका विशिष्ट माणसाच्या एका विशिष्ट अडचणीसाठी तुम्ही बरोबर आहात. म्हणून तक्ता मोडीत निघत नाही. लेन्सचा रकाना घालतो, १५ गुण. व्ह्यूफाइंडर २चे ४ करतो, चष्मेवाल्यांची संघटना रस्त्यावर उतरायच्या आत.

चष्मिष्ट:
चार? डोक्यावरच्या उन्हाचे वेगळे धरणार की त्यातच?

शटरवाला:
'बाई' परत घेतो. 'पुस्तकी' नाही.

नवखा_१८_५५:
धन्यवाद सगळ्यांना. एकच शेवटचं, तो आय-पॉइंट नक्की कुठल्या पानावर लिहिलेला असतो? मला सिलिंडर आहे.