कौल म्हणजे निर्णयाची पळवाट? मला हे मान्य नाही

काजूवाडी:
परवा इथे एक पोस्ट आली. तिचं म्हणणं असं: देवाचा इशारा ओळखणं म्हणजे स्वतःच्याच मनाची फसवणूक. कौल लावायचा म्हणजे देवाला प्रश्न विचारून मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या; त्या सुकल्या की पडणारच; उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही, मग नाणं उडवण्यापेक्षा यात वेगळं काय? आणि शेवटी, "ज्यांना निर्णय झेपत नाहीत ते देवाला विचारतात." हे शेवटचं वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

आमचं गाव मालवण तालुक्यातलं. बाबा जाऊन चार महिने झाले होते. बाग विकायची म्हणून काकांनी लकडा लावला होता. आईने कौल लावायचं ठरवलं, मी सोबत होते. एरवी गाऱ्हाणं गुरवच घालतो. त्या दिवशी त्याने मूर्तीला कळ्या लावल्या आणि मागे वळून म्हणाला, "वैनी, तुमीच बोला." आईच्या तोंडून शब्द फुटेना. मग एकदम म्हणाली, "माका बाग होयी असा नाय. पण ह्यांनी लावलेली कलमा माझ्या डोळ्यांदेखत कोणी तोडूक नको." हे तिने आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. काका शेजारीच उभे होते.

बाग ठेवू का, या प्रश्नाला कौल डावा आला. मनाची फसवणूक असती तर उजवा यायला हवा होता, नाही का? बाग गेली. पण घराजवळची आठ कलमं राखूनच व्यवहार झाला, आणि ती अट काकांनीच घातली. मी याला देवाचं मार्गदर्शनच म्हणते. माझी आई निर्णय टाळायला तिथे गेली नव्हती.

पुणेरी विवेक:
ती पोस्ट माझीच. ताई, तुमच्या आईंबद्दल आदर आहे. पण काकांना पाझर फुटला तो आईंच्या बोलण्याने, कळीने नाही. हे बोलणं घरच्या ओटीवरही झालं असतं.
आता माझ्या घरातलं सांगतो. आत्याचं लग्न दोनदा डाव्या कौलाने मोडलं. आज ती ६८ वर्षांची आहे, एकटी राहते. तिच्या आयुष्याचा निकाल गुरवाने बोटावर किती पाणी घेतलं त्यावर लागला.

सर्वोदयी:
मग अंतःप्रेरणा हा प्रकारच खोटा म्हणायचा का? गांधीजींनी १९३३ मध्ये येरवडा तुरुंगात २१ दिवसांचं उपोषण सुरू केलं, ८ मे रोजी, ते आतून ऐकू आलेल्या आवाजावरून. जवळच्या माणसांनी विनवण्या करूनही ते मागे हटले नाहीत.

पुणेरी विवेक:
आणि पुढच्याच वर्षी, १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा त्याच गांधीजींनी ती अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा ठरवली. रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. माणूस तोच, श्रद्धाही तीच. मग कुठला इशारा खरा, हे ओळखायचं कसं?

माळकरी:
तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला. त्याच तुकोबांनी नवसासायासांवर कोरडे ओढले. दोन्ही एकाच माणसात मावलं. उपोषणात गांधीजींनी स्वतःचा जीव पणाला लावला, भूकंपात मेलेल्यांवर मात्र दोष ठेवला. पहिला आवाज मी देवाचा मानतो, दुसरा नाही. ओळखायची माझी रीत एवढीच.

घाडीगुरव:
"बोटावर किती पाणी" असं लिहिणाऱ्याने एकदा पहाटे विहिरीवर येऊन बघावं. माझ्या आजोबांपासून ही सेवा आहे. मोबदला काय? नारळ, तांदूळ आणि वर हा संशय. देवस्थानची जमीन केव्हाच कसणाऱ्यांची झाली. मुलगा मुंबईला कुरिअरवर आहे, तो ही सेवा करणार नाही. सगळ्यांना कौल हवा, गुरवाचं पोट कुणाला दिसत नाही.

चाकरमानी दादर:
गुरवांचं खरं आहे, पण खरा घोळ मानकऱ्यांचा. आमच्या गावात पहिला नारळ कुणाचा यावरून भाऊबंद कोर्टात गेले आणि सात वर्षं पालखी निघाली नाही. मुंबईहून रजा काढून जायचं आणि बंद देऊळ बघून परतायचं!

घाडीगुरव:
वर्षातून चार दिवस येऊन गावाला अक्कल शिकवू नका. वाद पेटवायला वर्गणी मुंबईतूनच आली होती.

चाकरमानी दादर:
तोंड सांभाळून. ती वर्गणी सभामंडपासाठी होती. आमच्याच पैशाच्या पत्र्याखाली बसून आम्हालाच बोलता?

शेवंतीची आई:
तुमचे मान आणि नारळ होऊ द्या. बायकांनी काय करायचं? आमच्याकडे गाऱ्हाण्याला बाई पुढे उभी राहिलेली मी ५५ वर्षांत पाहिली नाही. मुलीच्या शिक्षणाचा कौलसुद्धा दिराने लावला. काजूवाडी ताई, तुमच्या गुरवाला माझा नमस्कार सांगा.

आचरेकर:
धागा पार भरकटला. आमच्या आचऱ्यात रामेश्वराचा कौल झाला की गावपळण होते. तीन दिवस, तीन रात्री अख्खं गाव वेशीबाहेर, गुरं-कोंबड्यांसकट. परतायलाही कौल लागतो. माळावर राहुटीत शेजाऱ्याच्या चुलीवरची पेज पिताना मानकरी कोण हे कुणी विचारत नाही. याला नाणेफेक म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

पुणेरी विवेक:
गावपळणीचं मान्य. तिथे कुणा एकट्याचं आयुष्य पणाला लागत नाही. पण आत्याचं उत्तर अजून कुणीच दिलं नाही.

काजूवाडी:
दादा, मी तेच विचारणार होते. आत्या स्वतः देवासमोर उभ्या होत्या का? त्यांना काय हवंय हे त्या बोलल्या होत्या का?

पुणेरी विवेक:
नाही. तिला देवळात नेलंच नव्हतं. आजोबा एकटे गेले होते.

काजूवाडी:
मग तो त्यांचा कौल नव्हताच.

पुणेरी विवेक:
असेल. पण हे तिला आता मी कुठल्या तोंडाने सांगू?