मदत हवी आहे : वॉरक्राफ्टमध्ये कोणाचं काम घ्यावं, कोणाचं टाळावं?

भाऊ हो, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन गेममध्ये ऑर्क जातीचं पात्र घेऊन ३० व्या लेव्हलपर्यंत आलो. मला सगळ्यात आवडला तो मॅनक्रिक. बॅरन्स नावाच्या भागात उभा राहून 'बायकोला शोधा' म्हणतो. शोधली, तर तिथल्या क्रॉसरोड्स गावाच्या दक्षिणेला तिचं प्रेत पडलेलं. परत येऊन त्याला सांगायला जीव होत नव्हता.

नेसिंगवारी हा शिकारी मात्र अजिबात नाही पटत. स्ट्रँगलथॉर्नच्या जंगलात तंबू ठोकून बसलाय, गेल्या गेल्या त्याच्या टोळीतली शिकारीण म्हणते १० वाघ मारा! आमचं गाव ताडोब्याच्या बफरमध्ये. पऱ्हाटीत पंजाचा ठसा दिसला की दोन दिवस कोणी एकटं वावरात जात नाही. अन् या बाप्पाला काहून एवढी हौस?

पण खरं डोकं खातात ते सोबत चालवत न्यायचे एनपीसी (गेम स्वतः चालवतो ती पात्रं). आपण धावलो तर मागं राहतात, चाललो तर पुढं निघून जातात. परवा एकाला ठिकाणावर पोचवतच होतो, अन् लाईन गेली. सगळं पहिल्यापासून.

तर नेसिंगवारीला टाळून ३५ व्या लेव्हलपर्यंत कुठं जाऊ? थाउजंड नीडल्सचा भाग झालाय. अन् तुमचा आवडता-नावडता कोण, तेही सांगा. रात्री नेट बरं चालतं, तेव्हा वाचतो.